साचा सोडत नाही

सेडर लिक, केंटकी
३ जून १९७४

आर्विल भावोजी,

ख्रिसमसला तुमचं कार्ड आलं. त्यावर नुसती सही होती. म्हणजे लिहिण्यासारखं काही नव्हतं किंवा फार होतं. मी दुसरं धरलं आणि कार्ड अजून फळीवर ठेवलंय.

आता कामाचं. तुमच्या भावाच्या बंदुकीचा साचा गोळी सोडत नाही.

तुम्ही डेटनच्या कारखान्यात उभी हयात पोलादाचे साचे घडवलेत, तेव्हा विचारायचं तर तुम्हालाच. शिसं वितळतं, साच्यात उतरतंही. साच्याची दोन पाखं उघडली की गोळी खाली पडायला हवी, होबर्टच्या हातून पडायची तशी. माझ्या हातून ती डाव्या पाख्यात घट्ट बसून राहते, दाईच्या मांडीवरच्या पोरासारखी. मग मी होबर्टच्या चाकूच्या टोकाने ती उचकटून काढते आणि तोवर तिला खड्डा पडलेला असतो. अशी गोळी कुठे जाईल ते देवालाही सांगता यायचं नाही.

शिसं चांगलं आहे. जुनी शाळा पाडली तेव्हा निघालेल्या नळांचं, नखाने ओरखडा उठतो इतकं मऊ. साच्याकडे माझं दुर्लक्ष झालं असंही समजू नका. होबर्ट गेल्यापासून मी त्याला घरच्या बाकी लोखंडासारखंच जपलंय. माझ्या घरात गंज चढलेला खिळासुद्धा मिळणार नाही.

दुसऱ्या कुणाच्या साच्यातली गोळी आपल्या नळीत चालत नाही. टॉलिव्हर आजोबांनी ती ठासणीची बंदूक घडवली आणि तिच्याच मापाने हा एक साचा केला. शेजारच्या ऑर्बिन गेव्हरच्या गोळ्या घालून पाहिल्या. त्या नळीच्या तोंडाशीच अडतात. नेपिअरांच्या आत जाऊन खुळखुळतात.

घाई का, ते तुम्हाला आठवत असेल, नसेल तर आठवण करून देते. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी बैलाची नेमबाजी, जिंकणाऱ्यांनी बैल वाटून घ्यायची ती. मैदानावरच्या पडवीत प्रत्येक घराची एक खुंटी आहे, बंदुकीच्या दारूचं शिंग अडकवायला. ज्या घराची बंदूक लागोपाठ दोन वर्षं वाजत नाही, म्हणजे तिची गोळी नेमाच्या फळीला लागत नाही, त्याची खुंटी उपटून रांगेतल्या पुढच्या घराला देतात. गेल्या वर्षी नेमबाजीच्या आधी महिनाभर होबर्ट गेला आणि आपली खुंटी रिकामी राहिली. यंदा घरातून कुणीतरी उभं राहायलाच हवं. रांगेत पहिला ऑर्बिनचा जावई आहे.

काय करायचं ते कळवा. सोपं करून लिहा.

झेला

---

डेटन, ओहायो
१२ जून १९७४

वहिनी,

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा आधी गावच्या लॉरेलच्या झुडपांचा वास आला असं वाटलं. मग कळलं, तुम्ही पाकीट धुराड्याजवळ वाळवलं होतं.

सगळ्यात आधी तो चाकू ठेवून द्या. ड्रॉवरमध्ये नको, शेजाऱ्याकडे. साच्याच्या कडेला पोलादाचं टोक लागलं की तिथे केसाएवढी कोर उभी राहते आणि तीच कोर पुढच्या गोळीला धरून ठेवते. तुम्ही एक गोळी काढता आणि दुसरीला अडकवायची सोय करता.

गोळी सोडवायची तर पाख्यांवर मारायचं नाही. साचा उघडा धरायचा आणि बिजागरीच्या खिळ्यावर हिकोरीच्या दांडक्याने टिचकी द्यायची. लाकडानेच, लोखंडाने नाही. आधी साचा तापू द्या. गार साच्यात शिसं बिचकतं. पहिल्या काही गोळ्या वाईटच येणार, त्या परत भांड्यात टाका. आणि ओतण्याआधी मेणबत्तीची काजळी आत पातळशी धरा, बाळाला तीट लावतात तेवढीच.

नेम डेन्व्हर धरणार असेल. तुमच्या बहिणीच्या त्या पोराचा खांदा चांगला आहे. त्याला सांगा, आपली बंदूक किंचित डावीकडे ओढते आणि तिच्याशी वाद घालायचा नसतो.

खुंटी जाता कामा नये. ती आजोबांनी स्वतः ठोकली होती.

आर्विल

---

सेडर लिक
३० जून १९७४

भावोजी,

सांगितलंत ते सगळं केलं आणि होतं त्याहून वाईट झालं. आता गोळीला वाळल्या सफरचंदासारख्या सुरकुत्या पडतात आणि अडकायचं ते अडकतेच. एक सोबत पाठवतेय. पोस्टमास्तरणीने पाकीट दाबून पाहिलं आणि विचारलं, "झेला, यात काय आहे?" म्हटलं, "दिराला गोळी पाठवतेय." तिने पाकीट दोन बोटांनी उचलून थैलीत टाकलं.

हिकोरीच्या दांडक्याची टकटक खाली रस्त्यापर्यंत जाते. ती ऐकून काल ऑर्बिन आला. शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"काय गं, सुतारपक्षी पाळलास?"

"तुझ्या जावयाला सांग, एवढ्यात शिंग विकत घेऊ नको म्हणावं."

"घेतलंय. म्हशीचं, चांदीचं टोपण असलेलं."

"मग त्यात ताक भरून ठेवायला सांग."

"झेला, राग मानू नको," तो म्हणाला. "पण साचा म्हातारा झाला. म्हाताऱ्या माणसाची मूठ आणि म्हातारा साचा, एकदा धरलं की सोडत नाहीत."

"तू माझी कुदळ नेलीस त्याला दोन वर्षं झाली. तूही तसाच."

गेला हसत. संध्याकाळी कुदळ कुंपणाला टेकवून ठेवलेली सापडली. दांडा नवा घातला होता. माणूस वाईट नाही, पण जावयापुढे त्याचं डोकं चालत नाही.

चाकू पोस्टमास्तरणीकडे दिला. बाकी मी रोज काम झालं की साचा पुसते, आईने शिकवलं तसा मुरवते आणि चुलीच्या उबेला ठेवते. हयगय कुठेच नाही. तरी असं का?

झेला

---

डेटन
१५ जुलै १९७४

वहिनी,

गोळी मिळाली. दिवसभर खिशात ठेवून चाचपली. सुरकुत्या बोटाला लागतात आणि एका बाजूला बारीकशी ओढल्याची रेघ आहे. म्हणजे रोग दोन आहेत. रेघेचं कारण चाकू. सुरकुत्यांचं कारण कळत नाही. साचा गार असला तर सुरकुत्या येतात, पण तुम्ही गार साच्यात ओतणाऱ्यातल्या नाही.

एक करा. साचा उजेडात धरा आणि आतली पोकळी कशी दिसते ते जसंच्या तसं लिहा. रंग, चमक, सगळं. मी तिथे असतो तर बोट फिरवून सांगितलं असतं. हल्ली मी सगळं बोटांनीच बघतो.

डेन्व्हरचा सराव कसा चाललाय?

आर्विल

---

सेडर लिक
२८ जुलै १९७४

भावोजी,

मागच्या पत्रातलं अक्षर बाईचं आहे. गोल गोल, टपोरं, आणि ओळी सरळ. तुमची ओळ जन्मात सरळ गेली नाही. मला काही विचारायचं नाही. बासष्टाव्या वर्षी माणसाला सोबत मिळाली तर चांगलंच आहे. तिला कणकेचे डंपलिंग येतात का, तेवढं कळवा.

साचा विचारलात. तो माझ्या बिडाच्या तव्याइतका लख्ख आहे. आतून काळाभोर, तुळतुळीत, आरसाच. त्यावर अंडं टाकलं तर घसरत जाईल. होबर्टच्या वेळी तो करडा, रोगट दिसायचा. मी वर्षभर मेहनत घेऊन त्याला हा रंग आणलाय.

तरी सोडत नाही, म्हणून मी विचार केला. तवा हट्टाला पेटला की आपण काय करतो? निखाऱ्यात पुरतो, जुना थर जळू देतो आणि पहिल्यापासून मुरवतो. गुरुवारी अंगणात हिवाळ्यासाठी भरलेल्या घेवड्याच्या बरण्या उकळायला मोठा जाळ करायचाच आहे. बरण्या झाल्या की त्याच विस्तवात साचा लाल होईपर्यंत ठेवते. आईचा तवा तीनदा असा निघाला आणि दर वेळी नव्यासारखा.

डेन्व्हर बरा आहे.

झेला

---

तार
सेडर लिकच्या दुकानात फोनवरून दिली, १ ऑगस्ट १९७४

झेला स्टिडम यांस. साचा विस्तवात टाकू नका. चरबी लावू नका. काहीही करू नका. पत्र येत आहे. आर्विल.

---

डेटन
१ ऑगस्ट १९७४

वहिनी,

तार वेळेवर पोचली असेल या आशेवर लिहितोय. पोचली नसेल तर हे पत्र वाचूच नका, वाईट वाटेल.

तवा लाल झाला तरी तवाच राहतो. किंचित वाकडा झाला तर भाकरी बोलत नाही. साच्याची दोन पाखं एकमेकांवर अशी बसतात की मधून उजेड जात नाही. ती लाल करून गार केली की वाकतील. मग गोळी निघेल, पण तिला कमरेभोवती शिशाचा पट्टा असेल. हा साचा दुसऱ्यांदा घडवणारा माणूस आता नाही.

आता रोगाचं. मी इथे मोठ्याने हसलो, तेव्हा शेजारच्यांनी भिंत ठोकली. वहिनी, तुम्ही साच्याला डुकराची चरबी लावून वर्षभर भाजलंत! आमच्या आईचीही हीच पद्धत. लोखंड दिसलं की चरबी. मला पहिल्या पत्रातच कळायला हवं होतं. तव्याला तो थर हवा, कारण भाकरी ओली असते. वितळलेल्या शिशाला तो नको. चरबीचा थर तापला की त्यातून वाफ सुटते, शिसं मागे सरतं आणि सुरकुत्या पडतात. उरलेला थर चिकट होऊन गोळी धरतो. तुम्ही ज्याला रोगट म्हणालात तो करडा रंगच साच्याची तब्येत. होबर्ट साच्याला काहीच लावत नव्हता. ओतून झालं की शेवटची गोळी आतच ठेवून तो बंद करायचा. तीच गोळी पोकळीला हवा लागू द्यायची नाही.

उपाय तुमच्याच घरात आहे. साबणासाठी राखेचं खारं पाणी काढता, त्यात साचा रात्रभर बुडवा. हात घालू नका. सकाळी गरम पाण्यात जुन्या ब्रशने घासा आणि चुलीजवळ पूर्ण वाळवा. ओला साचा शिशाजवळ नेऊ नका, एक थेंब राहिला तरी शिसं तोंडावर उडेल.

मग कोर शोधायची. डोळ्याला ती दिसणार नाही. गोधडीत भरायच्या कापसाचा पुंजका घ्या आणि पोकळीच्या कडेवरून हळू फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे खूण करा. पुढचं मग सांगतो.

माझ्या बोटाला लागलंय म्हणून लिहून घेतोय. लिहिणाऱ्या कोवाक्सबाई तळमजल्यावर राहतात. त्यांना डंपलिंग येतात, पण त्या त्याला वेगळं काही म्हणतात.

आर्विल

---

सेडर लिक
२० ऑगस्ट १९७४

भावोजी,

तार आली तेव्हा मी बरण्या उतरवत होते आणि साचा एप्रनच्या खिशात होता. दुकानदाराने ती फोनवर घेतली तेव्हा दुकानात नेपिअरांच्या दोघी सुना, पाद्री आणि ऑर्बिन होते. कागद घेऊन ऑर्बिनच धावत आला. चढावर त्याला धाप लागली, तरी वाचलं त्याने मोठ्याने. "चरबी लावू नका" वर थांबला.

"झेला, तू साच्याला चरबी लावलीस?"

"तू काय लावतोस?"

"काही नाही."

"मग तुझ्या अंगणातलं सगळं लोखंड तांबडं का आहे ते कळलं."

पण आता सबंध खोऱ्यात माझं नाव तवेवाली पडलंय. पाद्रीसुद्धा रविवारी हात मिळवताना गालात हसला.

खाऱ्या पाण्यातून साचा निघाला तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. वर्षभराची चकाकी कॉफीसारखी पाण्यात उतरली आणि खाली तो करडा, नागवा साचा. होबर्टच्या हातात असायचा अगदी तसा. मग वाटलं, असू दे. तसाच असायला हवा होता.

सुरकुत्या गेल्या! गोळी गुळगुळीत येते. पण अजून अडकते. कापूस फिरवला, डाव्या पाख्यात देठाच्या, म्हणजे शिसं ओततो त्या तोंडाच्या, खाली एकाच जागी तंतू धरतो. शेवाळातल्या काट्यासारखा. आता तिथे काय करायचं? मला कानस लावायची भीती वाटते. कुठेतरी जास्त गेलं तर गोळी मोठी होईल आणि नळीत जाणार नाही, इतकं मलाही कळतं.

आणि एक सांगते. डेन्व्हर वसंतातच सिनसिनाटीला गेला नोकरीला. नेम मी धरणार आहे. आधी सांगितलं नाही, कारण साच्याबरोबर तुम्ही मलाही दुरुस्त करायला घेतलं असतं. लग्नाआधी मी बापाच्या बंदुकीने खारी मारायची, गोळी तिच्या पोटाखालच्या सालीला मारून, नुसत्या धक्क्याने, खारीला न फाडता. होबर्टला ते माहीत होतं. नियमात घरातलं माणूस म्हटलंय, पुरुष म्हटलेलं नाही. मी पडवीतली पाटी जाऊन वाचली.

ती कोर तुम्हीच येऊन काढा. नेमबाजीही बघाल. होबर्टची खोली रिकामीच आहे.

झेला

---

सेडर लिक
२२ सप्टेंबर १९७४

भावोजी,

महिना झाला. मी नेम धरणार म्हणून राग आला असेल तर तसं लिहा. कोवाक्सबाईंना राग आला असेल तर तेही लिहा. पण लिहा. मैदानावर गवत कापायला सुरुवात झाली आणि साचा जिथे होता तिथेच आहे.

झेला

---

डेटन
२७ सप्टेंबर १९७४

वहिनी,

राग कसला? तुम्ही उभ्या राहणार हे ऐकून मी बिछान्यात उठून बसलो आणि नर्सने मला परत आडवं केलं. डोकं हलवायला बंदी होती. डोळ्याचं ऑपरेशन झालं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ख्रिसमसच्या कार्डावर सही सोडून काही नव्हतं, कारण सही डोळे मिटून करता येते. जूनमधलं पत्र मी भिंग लावून लिहिलं, त्याला अख्खा रविवार गेला. पुढची कोवाक्सबाईंच्या हातची. त्याच मला तुमची पत्रं वाचून दाखवायच्या आणि, आता कबूल करतात, मधला घरकामाचा भाग गाळायच्या. तुम्ही साचा मुरवता हे ३० जूनच्या पत्रात होतं म्हणे. त्यांना वाटलं, बायकांच्या गोष्टी, याला काय करायच्यात. मी तोवर तुमच्या सुरकुत्यांवर डोकं फोडत होतो.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही माझ्या भावाला जमिनीत ठेवून दमल्या होतात. तुम्ही बस धरून इथे आल्या असतात.

एका डोळ्याचं झालं. चष्मा मिळालाय, बरणीच्या बुडासारखा जाड. अजून वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, प्रवास नाही. तेव्हा कोर तुम्हालाच काढावी लागेल. आणि तुम्ही काढाल.

सोबत चिंधीत गुंडाळलेला दगडाचा तुकडा आहे. माझ्या पेटीतला, बोटाच्या पेराएवढा, साबणासारखा गुळगुळीत. त्याच्यावर थेंबभर रॉकेल टाका. साच्याची सपाट बाजू वर करा आणि दगड त्या बाजूवर पूर्ण आडवा ठेवा. तिरका केलात तर काठ गोल होईल आणि गोळीला पट्टा येईल. पोकळीच्या आत दगड न्यायचाच नाही. एकदा सरकवा, पुसा, कापूस फिरवा. परत एकदा सरकवा, पुसा, कापूस फिरवा. तंतू अडकायचा थांबला की तुम्हीही थांबा. आणखी थोडं करून बघू असा मोह होईल. कारखान्यात जितके साचे बिघडलेले पाहिले, ते सगळे त्या आणखी थोड्यापायी.

घाबरू नका. गोधडीचा टाका धरताना तुमचं बोट जितकं हलकं असतं, तितकंच इथे हवं.

आर्विल
(अक्षर माझंच आहे. ओळी उताराला लागल्या असतील तर ते डोळ्यामुळे नाही, पूर्वीपासूनच.)

---

सेडर लिक
९ ऑक्टोबर १९७४

भावोजी,

ऑपरेशनचं वाचून मी तुम्हाला मोठ्याने शिव्या दिल्या. कोंबड्या दचकल्या. दिल्या त्या दिल्या, आता संपलं.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. दगड आडवा, एकदा, पुसणं, कापूस. पहिल्या दोन-तीन वेळा तंतू अडकला. मग कमी अडकला. मग पुंजका सगळ्या कडेवरून असा फिरला जसा मांजरीच्या पाठीवरून हात. थांबले. मोह झाला, खरंच झाला. दगड लगेच चिंधीत बांधला आणि पिठाच्या डब्यात खाली खुपसला.

दुसऱ्या दिवशी शिसं चढवलं. पहिल्या गोळ्या गार साच्याच्या, त्या परत भांड्यात. मग साचा तापला. ओतलं, देठ थिजू दिला, उघडला आणि दांडकं उचललं. दांडकं उचललेलंच राहिलं. गोळी आधीच खाली गोणपाटावर पडली होती. हलकासा ठप्प आवाज झाला. पिकलेला जर्दाळू पडतो ना, तसा.

मी उगाचच परत ओतलं. परत ठप्प. मग मी थांबलेच नाही. शाळेचा अर्धा नळ संपवला.

गज लावून एक नळीत घातली. नेहमीसारखी, किंचित कुरकुरत, शेवटपर्यंत गेली. माप बिघडलं नाही.

पहिली गोळी तुम्हाला पाठवतेय. बोट फिरवून बघा, रेघ सापडते का.

शेवटची गोळी साच्यातच ठेवून बंद केलाय. चरबीचा डबा मी घराच्या दुसऱ्या टोकाला, पार माडीवर नेऊन ठेवलाय. सवय वाईट असते.

झेला

---

सेडर लिक
२८ ऑक्टोबर १९७४

भावोजी,

कोवाक्सबाई, हे पत्र तुम्ही वाचत असाल तर एक ओळही गाळायची नाही, घरकामाची तर मुळीच नाही.

शनिवारी सकाळी धुकं होतं. पडवीत शिंग अडकवायला गेले तर ऑर्बिन स्टिडमांच्या खुंटीशी उभा. मला वाटलं, जावयासाठी माप घेतोय. तो रुमालाने खुंटीवरचं कोळिष्टक पुसत होता. मला बघून म्हणाला, "कोळ्याने बिऱ्हाड केलं होतं. मी त्याला सांगितलं, बाबा, ही जागा तुला मिळणार नाही, माझ्या जावयालाही मिळाली नाही."

"जावई कुठाय?"

"घरी. शिंगात ताक भरतोय."

माझा नंबर लागला तेव्हा मेल्विन नेपिअर पंच म्हणून पुढे आला आणि घसा साफ करून म्हणाला, "स्टिडम घरातून कोण?" त्याला दिसत होतं कोण. मागून कुणीतरी ओरडलं, "तवेवाली!" सगळे हसले, मीही हसले आणि बंदूक टेकवायच्या आडव्या लाकडामागे पालथी पडले. हसल्यामुळे हात सैल झाला, ते बरंच झालं. बंदूक डावीकडे ओढते हे तुम्ही डेन्व्हरला सांगितलं होतं. मी वाद घातला नाही.

बार झाला. धूर विरला. मेल्विन फळी बघून आला आणि म्हणाला, "स्टिडमांची वाजली." बस, एवढंच. ऑर्बिनने दंडाला धरून उठवलं आणि म्हणाला, "आता वर्षभर मर, हरकत नाही."

खुंटी राहिली, भावोजी.

बाकीच्या फेऱ्याही धरल्या. बैलाच्या मागच्या दोन तंगड्या नेपिअरांनी आणि एका बाहेरच्याने नेल्या, पुढच्या दोन गेव्हरांच्या घरी गेल्या, कातडं आणि चरबी पाद्रीला. (चरबी मला मिळाली असती तर खोऱ्याने पुढची दहा वर्षं जगू दिलं नसतं.) माझा सहावा नंबर आला. सहाव्याचं बक्षीस तुम्ही विसरला नसाल. फळीमागचा पॉप्लरचा ओंडका आणि त्यात अडकलेलं सगळं शिसं.

सहाव्यावर लोक हसतात. लाजेपायी तो ओंडका कुणी नेत नाही, होबर्टला एकदा मिळाला तेव्हा त्यानेही तिथेच सोडला. मला मात्र तो ओंडका बैलापेक्षा आवडला. तो सोळा वर्षं तिथे उभा होता. खोऱ्यातल्या प्रत्येक घराची गोळी त्यात आहे, नेपिअरांची, गेव्हरांची, मेलेल्यांची, निघून गेलेल्यांची. होबर्टच्या सगळ्या आहेत. बरोबर बसलेल्या आणि चुकलेल्याही. तुम्ही ओहायोहून सुट्टीवर यायचात तेव्हाच्याही असतील, खालच्या बाजूला, कारण तुम्ही नेहमी खाली मारायचात.

ऑर्बिनने आणि त्याच्या जावयाने खेचरं लावून तो परसात आणून टाकला. जावई बरा मुलगा आहे. शेजारच्या खोऱ्यात खुंटी रिकामी होतेय म्हणे, त्याला सांगितलंय.

आता ओंडका कापायला हवा, म्हणजे शिसं निघेल आणि पुढच्या वर्षीच्या गोळ्या ओतता येतील. शेडमध्ये तुमच्या वडिलांची मोठी करवत आहे. तिला दोन टोकांना दोन मुठी आहेत. मी एका मुठीशी उभी राहून पाहिलं. करवत नुसती वाकते.

घाई नाही. हिवाळाभर ओंडका कुठे जात नाही.

झेला

---

डेटन
६ नोव्हेंबर १९७४

वहिनी,

पत्र मी स्वतः वाचलं. पहिली ओळ कोवाक्सबाईंना दाखवली, त्या लाजल्या आणि डंपलिंग घेऊन आल्या.

गोळीवर रेघ नाही. बोटाने पाहिलं, मग चष्म्याने पाहिलं, मग परत बोटाने. ती आता टेबलावर आहे. टेबल उताराचं आहे आणि ती गोल आहे, म्हणून रोज सकाळी तिला जमिनीवरून शोधतो. डोळ्यांना चांगला व्यायाम होतो.

दुसरा डोळा जानेवारीत. डॉक्टरांना विचारलं, मार्चमध्ये करवत ओढता येईल का? त्यांनी विचारलं, समोरच्या मुठीला कोण? सांगितलं. म्हणाले, मग चालेल. घरमालकाला खोली सोडत असल्याचं कळवलंय. परतीचं तिकीट काढणार नाही, होबर्टच्या खोलीला धूर देऊन ठेवा.

मी खाली मारत नव्हतो. ओंडका उघडला की कळेल.

करवतीला मात्र चरबी खुशाल लावा. भरपूर. तिला चालते.

आर्विल